दारणेचे पाणी

इगतपुरी तालुक्यातील नांदगावाजवळ १९१६ साली पूर्ण झालेल्या, बव्हंशी मातीच्या दारणा धरणाचे पाणी नदीच्याच पात्रातून वाहत दारणासांगवीला गोदावरीस मिळते आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी, म्हणजे पातळी उंचावून पाणी कालव्यांत वळवणाऱ्या बुटक्या भिंतीशी, अडून कोपरगावाकडे जाते. घाटमाथ्यावरचा पाऊस पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, नेणाऱ्या या दूरदर्शी योजनेमुळेच तेथे उसाची शेती रुजली. बंधाऱ्यामागे मात्र गाळ साचत गेला, त्या उथळ दलदलीत पाणपक्षी स्थिरावले आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. पक्ष्यांना आसरा देणाऱ्या त्याच गाळाने सिंचनाच्या पाण्याची जागा व्यापली आहे.