राज ठाकरे : मराठीच्या मुद्द्याचा चढउतार

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे संस्थापक-अध्यक्ष राज श्रीकांत ठाकरे यांचा जन्म १४ जून १९६८ रोजी मुंबईत झाला. मूळ नाव स्वरराज. काका बाळासाहेबांप्रमाणेच ते व्यंगचित्रकार. भारतीय विद्यार्थी सेनेतून ते राजकारणात आले. शिवसेना सोडल्यानंतर ९ मार्च २००६ रोजी त्यांनी ‘मनसे’ची स्थापना केली. परप्रांतीयांचे लोंढे व भूमिपुत्रांच्या नोकऱ्या हा त्यांचा प्रमुख मुद्दा ठरला. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरती परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मनसे कार्यकर्त्यांनी मारहाण केली. त्या प्रकरणी राज यांना रत्नागिरीत अटक झाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाचे १३ आमदार निवडून आले. २०१४ व २०१९ मध्ये प्रत्येकी एक, तर २०२४ मध्ये एकही नाही.

त्या १३ जणांत विदर्भातील कोणीही नव्हते. नागपूर १९५६ पर्यंत मराठी व हिंदी भाषकांच्या संयुक्त प्रांताची राजधानी होते. लकडगंजसारख्या व्यापारी भागात आजही दोन्ही भाषा कानी पडतात. मुंबईत ‘परप्रांतीय’ ठरणारा हिंदी भाषक येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी आहे. हा मुद्दा नागपुरात न रुजण्यामागे तेही एक कारण मानता येते.