अंध खेळाडू आणि व्हिडिओ गेम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

व्हिडिओ गेमचा इतिहास सामान्यतः चित्रांच्या वाढत्या सौष्ठवाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अंध खेळाडूंच्या बाजूने पाहता मात्र त्याच क्रमाचा पूर्वार्ध ऱ्हासाचा ठरतो. विल क्राउथर व डॉन वुड्स यांचा १९७६-७७ मधील 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' हा खेळ केवळ शब्दांवर चालत असे. गुहेचे वर्णन मजकुराच्या रूपाने येई आणि खेळाडू आपली आज्ञा टंकित करी. पुढे मजकूर वाचून दाखविणारी साधने संगणकास जोडता येऊ लागल्यावर असे खेळ अंधांनाही खेळता आले. परंतु ही सुलभता हेतुपुरस्सर निर्माण झालेली नव्हती. त्यामुळे चित्रांनी शब्दांची जागा घेतली तेव्हा ती जपण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती.

या संदर्भात जपानी निर्माते केंजी एनो यांचा प्रयत्न लक्षणीय होय. आपले अंध चाहते सचित्र खेळही खेळतात हे त्यांच्या भेटीत कळल्यावर एनो यांनी १९९७ मध्ये 'रिअल साउंड : काझे नो रिग्रेट' हा सेगा सॅटर्न यंत्रासाठीचा खेळ सिद्ध केला. त्यात चित्र नव्हते. श्रुतिकेप्रमाणे कथा ऐकावयाची आणि घंटानाद होताच पुढील मार्ग निवडावयाचा, अशी त्याची रचना होती. सूचना ब्रेल लिपीतही दिल्या होत्या. येथे अंध व डोळस समान भूमिकेवर आले खरे. तथापि ही समानता सर्वांचेच चित्र काढून घेऊन साधलेली होती.

२०२० मधील 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या खेळाने निराळा मार्ग स्वीकारला. चित्र कायम ठेवून त्यातील माहिती वाचिक सूचना व ध्वनिसंकेत यांच्या द्वारेही पुरविण्यात आली. साठांहून अधिक सुलभता-पर्याय त्यात होते. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये वळणाची दिशा ध्वनीने कळविण्याची सोय झाली. या दोन्ही खेळांसाठी ब्रँडन कोल या अंध खेळाडूने सल्लागार म्हणून काम केले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

यावरून असे दिसते की, अडसर खेळाडूच्या नेत्रांत नसून माहिती एकाच इंद्रियास देण्याच्या रूढीत होता. मात्र साहाय्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. वळण कोठे आहे हे ध्वनीने सांगावे. ते कसे घ्यावे, हे खेळाडूनेच ठरवावे. जिंकण्याबरोबर चुकण्याचीही मोकळीक राहिली, तरच त्यास खेळ म्हणता येईल.