ताश्कंदमधला सोमवार

परदेशातून निघण्याचा आदला दिवस कसा असतो, हे आता आपल्या शिरूर-दौंडकडच्या घरांनाही चांगलंच ठाऊक झालं आहे. कुणाचा पुतण्या, कुणाची नात तिकडे असते. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर तेच प्रश्न. बॅग भरली का? वजन केलं का? विमानतळावर न्यायला कोण येणार? त्या दिवशी माणूस देहाने तिकडे असतो, पण मनाने केव्हाच घरी येऊन पोचलेला असतो. घरचे काय म्हणतील, याचाच विचार जास्त.

आज अशाच एका दिवसाविषयी लिहितो आहे. तारीख १० जानेवारी १९६६, वार सोमवार, शहर ताश्कंद. प्रवासी होते आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री. दुसऱ्या दिवशी त्यांना विमानाने काबूलला जायचं होतं आणि तिथून दिल्लीला.

ताश्कंद तेव्हा सोव्हिएत संघात होतं, आज ती उझबेकिस्तानची राजधानी आहे. ज्या बाबराचा धडा आपण शाळेत शिकतो, त्याचं जन्मगाव अंदिजान याच देशात. १९६५ चं भारत-पाक युद्ध सप्टेंबरात थांबलं, पण दोन्हीकडच्या फौजा एकमेकांच्या मुलखात तशाच बसून होत्या. सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी मध्यस्थी केली आणि शास्त्रीजी व पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांना तिथे बोलावलं. ४ जानेवारीला बोलणी सुरू झाली. शास्त्रीजींबरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते. चीनच्या युद्धानंतर नेहरूंनी बोलावलं म्हणून १९६२ साली मुंबई सोडून दिल्लीला गेलेला हा कराडकडचा माणूस. युद्ध त्यांनी चालवलं आणि तहाच्या वेळीही ते हजर होते.

आठवडाभर बोलणी अडत, मोडत, पुन्हा जुळत राहिली. शेवटी १० तारखेला करारावर सह्या झाल्या. दोन्ही फौजांनी ५ ऑगस्ट १९६५ रोजी जिथे होत्या तिथे २५ फेब्रुवारीपर्यंत परत जायचं, कैदी सोडायचे, उच्चायुक्तांनी पुन्हा कामावर जायचं, आणि भांडणं बळाने नव्हे तर शांततेने सोडवायची, असं ठरलं.

याचा अर्थ हाजीपीर खिंडही परत द्यायची. ऑगस्टच्या अखेरीस आपल्या जवानांनी रात्रीच्या पावसात डोंगर चढून ती घेतली होती. सियालकोटकडचा मुलूखही सोडायचा. तिथल्या रणगाड्यांच्या लढाईत ‘पूना हॉर्स’चे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शिरूरकरांना सांगायला हवं की या पलटणीचं आपल्या गावाशी जुनं नातं आहे. १८१७ च्या शेवटच्या रात्री भीमा-कोरेगावकडे जी फौज निघाली, ती शिरूरच्या छावणीतून, आणि त्यात याच पलटणीचे तेव्हाचे घोडेस्वार होते.

इतकं रक्त सांडून घेतलेली जमीन परत द्यायची सही करून शास्त्रीजी त्या रात्री शहराबाहेरच्या बंगल्यावर आले. कोसिजिन यांची मेजवानी आटोपली होती. ते थोडंसंच जेवले. त्यांच्याबरोबर दौऱ्यावर असलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पुढचं लिहून ठेवलं आहे. रात्री दिल्लीला घरी फोन लागला. शास्त्रीजींनी विचारलं, करार कसा वाटला? मुलीने सांगितलं, आम्हाला नाही आवडला. पत्नी ललितादेवींनाही तो रुचला नव्हता. मग शास्त्रीजींनी सांगितलं, दिल्लीची वर्तमानपत्रं काबूलला पाठवून द्या.

मला या एवढ्याशा निरोपापाशी नेहमी थांबावंसं वाटतं. जगभरातून अभिनंदन होत होतं. पण या माणसाला पाहायचं होतं ते घरचे काय म्हणतात, गावचे काय म्हणतात. घरी पाऊल टाकण्याआधी, वाटेतच काबूलला, ते वाचून त्यांना तयार व्हायचं असावं.

ती वर्तमानपत्रं त्यांनी वाचली नाहीत. तिथल्या वेळेप्रमाणे रात्री दीडच्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. आधीही दोनदा त्यांना हृदयाचा त्रास झालेला होता. खोलीत घंटा नव्हती. ते स्वतः चालत सहकाऱ्यांच्या दारापर्यंत आले आणि डॉक्टर कुठे आहेत, असं विचारलं. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे पुढे नाना तर्क झाले, आजही होतात. असो, त्यात मला शिरायचं नाही.

मी तेव्हा सातवीत होतो, दौंडला. वडील रेल्वेत. युद्धाच्या दिवसांत ताडपत्रीने झाकलेले रणगाडे घेऊन नगरच्या बाजूने गाड्या येत, त्या आम्ही पोरं मोजायचो. अन्नाची टंचाई होती, म्हणून शास्त्रीजींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्या आईची मोठीच अडचण झाली! तिचा महादेवाचा सोमवार, म्हणजे दिवसभर उपास आणि रात्रीच सोडायचा. तिने तोड काढली. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत दूध आणि एक केळं घेऊन उपास सोडायचा, चूल पेटवायची नाही. तो १० जानेवारीचा सोमवारही तिने असाच पाळला. मंगळवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. संक्रांत तीन दिवसांवर होती, घरात तीळ आणून ठेवलेले होते. त्या वर्षी तिने लाडू वळले नाहीत.

पुढे मी शिरूरला इतिहास शिकवू लागलो. पाठ्यपुस्तकात ताश्कंद करार दोन-तीन ओळींत उरकलेला असे. पण दर वर्षी एखादा मुलगा, बहुधा फौजी घरातला, उभा राहून विचारायचाच, “सर, जिंकलेली जमीन परत का दिली?” मी फळ्यावर मधोमध रेघ मारायचो. एका बाजूला आपण सोडलं ते : हाजीपीर, सियालकोट आणि लाहोरकडचा मुलूख. दुसऱ्या बाजूला पाकिस्तानने सोडलं ते : छांब आणि आपल्या पंजाबातलं खेमकरण. खेमकरणच्या शेतकऱ्याला त्याचं शेत परत मिळालं ते याच कागदामुळे. मुलं गप्प व्हायची. सगळ्यांचं समाधान व्हायचं असं नाही, आणि व्हावं असा माझा आग्रहही नसे. केंद्रातले एक मंत्री महावीर त्यागी यांचंसुद्धा झालं नाही, त्यांनी या कराराच्या निषेधार्थ राजीनामा दिला. तिकडे पाकिस्तानातही लोक अयूब खान यांच्यावर भडकले होते. म्हणजे दोघांच्याही घरी नाराजीच वाढून ठेवलेली होती.

युद्ध पुकारणाऱ्याला घरी हार मिळतात. तह करणाऱ्याला घरी जाऊन समजवावं लागतं, आणि ते काम सहीपेक्षा अवघड. शास्त्रीजींकडे ते कौशल्य होतं. ज्यांच्या एका शब्दावर माझ्या आईने चूल विझवली, त्यांनी तिला हाजीपीरचंही समजावून सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण त्याला वेळ लागतो, आणि तोच त्यांना मिळाला नाही.

११ जानेवारीला ताश्कंदच्या विमानतळावर त्यांच्या शवपेटीला कोसिजिन यांनी आणि अयूब खान यांनी खांदा दिला. चार महिन्यांपूर्वी ज्याच्या फौजा आपल्यावर चालून आल्या होत्या, त्या माणसाने! दुसऱ्या दिवशी दिल्लीला यमुनाकाठी अंत्यसंस्कार झाले, ती जागा आज विजयघाट म्हणून ओळखली जाते. २६ एप्रिल १९६६ रोजी मोठ्या भूकंपाने जुनं ताश्कंद बरंचसं पडलं. शास्त्रीजींनी पाहिलेलं शहर साडेतीन महिन्यांत उरलंच नाही. नव्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे, आणि एक शाळाही आहे, जिथे उझबेक मुलं हिंदी शिकतात.

तुमच्या घरी त्या मंगळवारची सकाळ आठवणारं कुणी असेल तर त्यांना जरूर विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. आम्ही सातवीत होतो ते आता सत्तरी ओलांडून गेलो आहोत.