चित्रपटाची पट्टी आणि थंड कोठी

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले त्याच्या पुष्कळ आधी त्यांच्यातला छायाचित्रकार गुजरातेत घडला, ही गोष्ट आपण गुजरातेतले मराठी लोक फारशी सांगत नाही. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटोचा धंदा मांडला आणि तिथेच प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. चार रिळांच्या त्या चित्रपटातली जेमतेम दोन आज पाहायला मिळतात, आणि तीही मूळची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. बाबूराव पेंटरांचा १९२५चा 'सावकारी पाश' तर समूळ गेला. त्या चित्रपटाविषयी आपण इतके वाचतो की तो कुणीतरी पाहून ठेवला असेल असे वाटत राहते.

हे चित्रपट गेले कुठे? थोडे दोष माणसांचे. खेळ संपला की रिळाची किंमत भंगाराची, म्हणून त्यातली चांदी काढण्यासाठी रिळे विकली गेली. पण मोठा वाटा उष्णतेचा होता. त्या काळची पट्टी नायट्रेटची. तिच्यातच प्राणवायू असल्याने ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. न पेटली तरी आतून कुजते: आधी चित्र फिके पडते, मग थर चिकट होतो, फेस येतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पार कुजलेली रिळे ४० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, कुणी काडी न लावता, पेटल्याच्या नोंदी आहेत. आपल्या कडोदऱ्यात मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या गोदामात पारा कुठवर जातो, हे इथल्या मिलमध्ये उभी हयात काढलेल्यांना सांगायला नको.

१९५०च्या सुमारास नायट्रेट मागे पडून ॲसिटेटची 'सेफ्टी' पट्टी आली. ती भडकत नाही, म्हणून सगळे निश्चिंत झाले. पण उष्ण, दमट हवेत तिच्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, सुटू लागते आणि त्या आम्लानेच कूज आणखी वेग घेते. पट्टी आकसते, वाकडी होते. साधारण २१ अंश तापमानात आणि मध्यम आर्द्रतेत ही सुरुवात व्हायला चार-पाच दशके लागतात, असे प्रयोगांवरून दिसले आहे. तापमान चढले की ही मुदत झपाट्याने घटते, उतरले की तितकीच वाढते. रंगीत पट्टीचे दुखणे वेगळे. तिच्यातले रंग मुळातच टिकाऊ नाहीत, निळसर छटा आधी उडते आणि सारे चित्र लालसर दिसू लागते. या सगळ्यांवर आजवर सापडलेला खात्रीचा उपाय एकच, कोरडा थंडावा. त्याने बिघडलेले सुधारत नाही, फक्त बिघाडाची चाल मंदावते.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्यामागे ही निकड होती. पी. के. नायर हे मूळचे केरळचे. त्यांनी पुण्यात आयुष्य घालवले आणि मराठी चित्रपटाचे जेवढे जतन केले, तेवढे आपल्यापैकी किती जणांनी केले असेल? नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन त्यांनी रिळे मिळवली. 'कालिया मर्दन'चे सुटे तुकडे जुळवून तो पुन्हा दाखवण्याजोगा केला. २०१६ साली ते पुण्यातच वारले. मात्र ८ जानेवारी २००३ रोजी, जुन्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात, नायट्रेट रिळांच्या कोठीला आग लागली आणि मोठा ठेवा राख झाला. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी पट्टीवर उतरवलेल्या होत्या, म्हणून ते आपण आजही पाहू शकतो. पण मूळ पट्टीतला बारकावा प्रतीत पुरता उतरत नाही. कोठी बांधणे एकवेळ सोपे. ती वर्षाचे ३६५ दिवस थंड आणि कोरडी राखायला वीज, माणसे आणि पैसा सतत लागतो, आणि आपल्याकडे उद्घाटनाला जितका उत्साह असतो तितका देखभालीला नसतो.

आता आपल्या घरांकडे. आजोबा खानदेशातून किंवा कोकणातून इकडे आले तेव्हाचे फोटो, लग्नांची निगेटिव्ह, पहिल्या भाड्याच्या खोलीपुढे उभे राहून काढलेले चित्र, हे सारे लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, म्हणजे घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी पडलेले असते. पावसाळ्यात त्याला बुरशी चढते, कारण पट्टीवरचा जिलेटिनचा थर बुरशीला अन्नच. निगेटिव्ह घरच्या फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण उघडी नव्हेत, कारण फ्रिजमध्ये ओल असते. कोरड्या दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी सीलबंद पिशवीत भरावीत. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नयेत. उन्हाळ्यात थंड तांब्यावर पाणी जमते तसे पट्टीवर जमेल. सकाळी काढलेली पिशवी संध्याकाळी उघडावी. १९५०च्या आधीची निगेटिव्ह नायट्रेटची असू शकतात, ती मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय घरात साठवू नयेत. आणि डबा उघडताच आंबट वास आला, तर ती निगेटिव्ह इतरांपासून वेगळी काढून स्कॅनिंगसाठी सर्वांत आधी पाठवावीत.