चरबीच्या पोटी जन्मलेला द्रवणांक

वर्ध्यात बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याच्या हाती एक अनोळखी पांढरी पूड येते. ती कोरडी करून बारीक वाटायची, एका टोकाशी बंद केलेल्या केशनलिकेत दोन-तीन मिलिमीटर ठासून भरायची, नलिका तापमापीच्या फुग्याशी बांधायची आणि लिक्विड पॅराफिन अगदी सावकाश तापवत न्यायचे. पहिला थेंब दिसला की एक आकडा टिपायचा, शेवटचा कण वितळला की दुसरा. १२१ ते १२२ अंश सेल्सिअस आले, तर पूड बेन्झोइक आम्लाची असण्याची शक्यता बळावते. आकड्यांत आठ-दहा अंशांचे अंतर पडले, तर पुडीत भेसळ आहे किंवा ओल राहिली आहे.

वितळण्याच्या तापमानावरून, म्हणजे द्रवणांकावरून, पदार्थ पारखण्याच्या या पद्धतीचे मूळ साबणात आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यांनी साबण फोडून त्यातली आम्ले सुटी केली. ती शुद्ध झाली हे ठरवायचे कसे? पुन्हापुन्हा स्फटिक करूनही द्रवणांक बदलेनासा झाला, की पदार्थ शुद्ध मानायचा, ही कसोटी त्यांनी चरबीवरच्या संशोधनात कसोशीने वापरली. ते संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने आले.

तीच कसोटी त्यांना एकदा चकवूनही गेली. त्यांनी स्वतंत्र मानलेले ‘मार्गारिक आम्ल’ हे पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचे मिश्रण निघाले. १८५० च्या दशकात जर्मनीच्या हाइन्ट्झ यांनी ते सिद्ध केले.

उपकरणाला आजचे रूप योहानेस थीले यांनी १९०७ मध्ये दिले. त्यांच्या नळीला बाजूला वाकडी भुजा असते. ज्योत तिथे लावली की तापलेले द्रव वर चढून आपोआप फिरत राहते आणि न ढवळता सगळीकडे सारखी उष्णता पोचते.

पण दोन पदार्थांचा आकडा जुळला तर? युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात. ती एकत्र वाटली की मिश्रण त्याच्या बरेच खाली वितळू लागते. पूड युरियाचीच असेल, तर खात्रीचा युरिया मिसळूनही आकडा ढळत नाही. ओळखीची ही जुनी, स्वस्त आणि भरवशाची परीक्षा आहे.

वर्ध्यात साबण आणि तेल यांचा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणी, साबण, मधमाशीपालन यांवर काम सुरू झाले. आज तिथे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिच्यात ग्रामीण रसायन उद्योगांसाठी वेगळा विभाग आहे. अशा कामात लागणारी तेले आणि मेणे मुळातच मिश्रणे असतात, म्हणून ती एका अंशावर न वितळता हळूहळू मऊ होत जातात. साबणाला चालणारे मोहाच्या बियांचे तेल विदर्भाच्या थंडीत गोठते, कारण त्यात पामिटिक आम्ल भरपूर असते आणि स्टिअरिकही. ती दोन्ही वेगळी करून शुद्ध केली, तर पहिले सुमारे ६३ अंशांवर वितळते, दुसरे सुमारे ६९ वर.