कोलंबिया : भंडाऱ्याच्या घड्याळाने

१ फेब्रुवारी २००३ ला नासाचं कोलंबिया अंतराळयान फुटलं. अमेरिकेतली ती सकाळ भंडाऱ्यात दिवेलागणीनंतरची संध्याकाळ होती. म्हणून खालच्या सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या.

१६ जानेवारी २००३, रात्री ९.०९
फ्लोरिडाहून कोलंबिया उडालं. आत सात जण : कमांडर रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, कर्नालची कल्पना चावला आणि इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रॅमोन. सोळा दिवसांत ऐंशीच्या आसपास प्रयोग, काम दोन पाळ्यांत, चोवीस तास. काही प्रयोग तर शाळकरी मुलांचे : ऑस्ट्रेलियाचे कोळी, चीनचे रेशीमकिडे. कोसा विणणाऱ्या मोहाडी-आंधळगावच्या लोकांना या किड्यांचं कौतुक वेगळं सांगायला नको.

रात्री ९.१०
उड्डाणाला ८२ सेकंद झाली होती. बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा पाऊण किलोचा तुकडा सुटला आणि ताशी आठशेहून अधिक किलोमीटर वेगाने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. आतल्यांना पत्ताही लागला नाही.

१७ ते २३ जानेवारी
खरा घटनाक्रम हाच, आणि तो कागदावरचा आहे. दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत तो आघात दिसला. अभियंत्यांनी लष्कराच्या दुर्बिणींतून पंखाची छायाचित्रं मागितली. २२ तारखेला वरिष्ठांनी ती मागणीच मागे घेतली. फोम याआधीही पडला होता, तेव्हा कुठे काय झालं होतं, असा हिशेब. २३ तारखेला हजबंडना ई-मेल गेला : काळजीचं काही नाही. पुढे चौकशी मंडळाने दाखवून दिलं, की कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे काटकसरीने १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते आणि अटलांटिस यान १० तारखेच्या सुमारास मदतीला धाडता आलं असतं. अवघड होतं, जोखमीचंही होतं. पण त्यासाठी आधी पंखाकडे बघायला हवं होतं!

१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५
आपल्याकडे उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस. दक्षिणेला हिंदी महासागरावर कोलंबियाने उलटं होऊन इंजिनं पेटवली, अडीच मिनिटांहून थोडी जास्त. आता कक्षेत परतणं नाही.

७.१४
पॅसिफिकवर, १२२ किलोमीटर उंचीवर यान वातावरणात शिरलं.

७.१८
डाव्या पंखातल्या एका संवेदकाने ताण वाढल्याची नोंद केली. ती फक्त यानातल्या रेकॉर्डरवर होत होती; ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला काहीच दिसलं नाही.

७.२३
कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला. पहाटेच्या अंधारात आकाश न्याहाळणाऱ्यांना यानामागे ठिणग्या गळताना दिसल्या.

७.२४
ह्यूस्टनमध्ये जेफ क्लिंग यांनी फ्लाइट डायरेक्टर लेरॉय केन यांना कळवलं, की डाव्या पंखातल्या हायड्रॉलिक यंत्रणेचे चार तापमान-संवेदक बंद पडलेत. चारींना जोडणारा एखादा धागा? तसा काही सापडत नव्हता. धागा फोमने पंखाला पाडलेल्या भोकाचा होता. त्यातून आत शिरलेली तप्त हवा एकेक वायर जाळत चालली होती.

७.२९
डाव्या चाकांच्या टायरचे दाब दिसेनासे झाले. ते विचारलं तेव्हा हजबंड यांचं उत्तर आलं, 'रॉजर', आणि पुढचा शब्द अर्धाच राहिला.

७.३०
टेक्सासवर, साठेक किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे वीस हजार किलोमीटर वेगात यान फुटलं.

७.४२
केन यांनी सांगितलं, दारं लावून घ्या. म्हणजे कुणी बाहेर जायचं नाही, फोन करायचा नाही, समोरची नोंद जपायची. यान उतरायची ठरलेली वेळ अजून चार मिनिटं दूर होती.

७ जुलै
सॅन अँटोनियोत चौकशी मंडळाने तसाच फोमचा तुकडा खऱ्या पंखाच्या पॅनेलवर डागला. हलका फोम कडक पंखाचं काय बिघडवणार, ही शंका तोवर नासातच शिल्लक होती. पॅनेलला सुमारे चाळीस सेंटीमीटरचं भगदाड पडलं.