मालमोटारीच्या खडखडाटाची बखर

रिकामी मालमोटार गावातून जाऊ लागली म्हणजे दोन आळ्यांपलीकडे ऐकू जाणारा तिचा खडखडाट यंत्राचाच असावा, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः यंत्राचा त्यातला वाटा अल्प असून बाकीचा सारा कोलाहल हौद्याच्या फळ्या, फाळके म्हणजे त्याच्या उघडणाऱ्या बाजू, साखळ्या, मडगार्डे आणि केबिनचे पत्रे यांनी मिळून केलेला असतो. गाडी भरलेली असताना माल या अवयवांना दाबून धरतो, म्हणून ती निमूट चालते. रिकामी होताच प्रत्येक अवयव आपापल्या फटीपुरता मोकळा होतो. शिवाय कैक टनांच्या ओझ्यासाठी घातलेले स्प्रिंगचे पाटे रिकाम्या गाडीखाली लवत नाहीत, आणि त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचतो. हा खडखडाट म्हणजे कारागिराची कसूर, असा निवाडा देऊन मोकळे होण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. आपल्या देशात मालमोटार ज्या रीतीने घडत आली त्या रीतीतच हा आवाज अनुस्यूत होता, आणि तो काढण्याचा धंदाही त्याच रीतीतून निपजला.

ती रीत अशी की, कारखान्याने चाके, इंजिन आणि दोन लांब पोलादी तुळयांचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, एवढेच द्यावे आणि वरचा सारा इमला मालकाने आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून बांधून घ्यावा. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापून पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बनावटीच्या मालमोटारी रस्त्यावर आणल्या. खरी वाढ मात्र १९५४ नंतरची. त्या वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास घेतल्या. १९६९ साली कराराची मुदत संपली, गाडीच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचे अक्षर आले. मद्रासेत १९४८ साली निघालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड झाले. या सर्वांच्या गाड्यांच्या वरच्या इमल्याची बांधणी, अपवाद सोडल्यास, कारखान्याच्या दाराबाहेरच होत असे.

कारखान्याच्या फाटकातून निघालेला उघडा सांगाडा शेकडो मैल हाकून नेणारे चालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. वर छप्पर नाही, पुढे काच नाही, बाजूस दार नाही. बसावयास एखादे खोके, डोक्याला मफलर गुंडाळलेला, डोळ्यांस चष्मा, आणि अशा थाटात ऊनपाऊस अंगावर घेत हा मनुष्य जमशेदपुराहून मुंबईपर्यंत येई. कारखानदाराचा हिशेब उघड होता: केबिन आणि हौदा बांधून दिला तर किंमत वाढते, आणि नाशिककडच्या कांदेवाल्यास जो हौदा हवा तो खाणवाल्याच्या उपयोगाचा नाही. कांद्याला वारा लागावा म्हणून बाजूच्या फळ्यांत अंतर ठेवावे लागते. वाळूला कणही गळणार नाही इतकी सांधेजोड घट्ट लागते. उसाचा भारा दोन्ही बाजूंस बाहेर रेटतो म्हणून खांब जाड आणि उंच हवेत. इतक्या तऱ्हा एका छताखाली सांभाळण्यापेक्षा ते काम बाजारावर सोपवणे कारखान्याच्या सोयीचे होते.

बाजाराने ते काम सुताराकडे दिले, आणि या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. बलुतेदारीत बैलगाडी घडवणारा सुतार आणि चाकाला धाव चढवणारा लोहार यांच्या हातांना ओझे, धक्का आणि वाकडा रस्ता यांची जाण होती. बाभळीचे लाकूड कोठे वापरावे, सागाची फळी कोठे, सांध्यात किती ढील ठेवली म्हणजे गाडी ओढ्यात उतरताना मोडत नाही, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्यांचे होते. ते त्यांनी जसेच्या तसे पोलादी सांगाड्यावर चढवले. तुळयांवर लांबट लाकडी वासे, त्यांवर आडवी दांडकी, त्यांवर फळ्यांची जमीन, आणि सारा डोलारा यू बोल्टांनी आवळलेला, अशी ती रचना होय. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कारागिरांनी तिच्यात केबिनच्या नक्षीची आणि पत्रकामाची भर घातली. सरहिंद आणि तिकडे दक्षिणेत नामक्कल ही गावे या धंद्याच्या मोठ्या पेठा बनली. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर या शहरांच्या नाक्यांवर, आणि पुढे कळंबोलीस व निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, या मिस्त्रींचे अड्डे बसले.

आता हा डोलारा सैल का पडे, हे पाहावे. मालमोटारीचा सांगाडा मुद्दाम पिळला जाईल असाच केलेला असतो. एक चाक खड्ड्यात गेले तर त्याने वाकून चारही चाके जमिनीस लावून धरावीत, ही अपेक्षा असते. वरचा हौदा ताठ असेल तर तो तुटेल, म्हणून त्यालाही थोडे हलू द्यावे लागते. आणि जे हलते ते घासते, झिजते, वाजते. लाकडाचा स्वभाव आणखी निराळा: पावसाळ्यात ते फुगते, वायसरखालचे तंतू चेपले जातात, उन्हाळ्यात सुकून आकसते, आणि पावसाळ्यात घट्ट असलेला नट वैशाखात बोटाने फिरतो. नट सुटण्याचे आणखी एक कारण जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. बोल्टाच्या आडव्या दिशेने होणारी सूक्ष्म सरकासरक नट उलगडते, आणि साध्या स्प्रिंग वायसरने ती थांबत नाही. आपले मिस्त्री त्याचा निबंध वाचण्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. ते नटावर नट चढवीत आणि उरलेले बोल्टाचे टोक हातोडीने चेपून टाकीत, ज्यायोगे नटाला परतीची वाट राहत नसे.

रस्त्यांचा दोषही विसरून चालणार नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची तजवीज सुचवली, आणि १९२९ साली तो निधी अस्तित्वात आला. १९४३ च्या डिसेंबरात नागपुरास देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. दफ्तरातले आराखडे आणि मुलखातली खडी यांच्यामधले अंतर मालमोटारीच्या फाळक्यांनी वर्षानुवर्षे मोजले.

खडखडाट शोधण्याची विद्या पाहण्यासारखी असते. मिस्त्री आधी गाडी उभी करून पत्र्यावर मुठीने ठोकत जातो: बद्द आवाज आला तर मागची पट्टी धरून आहे, पोकळ आला तर सुटली आहे. मग किन्नराला, म्हणजे चालकाच्या मदतनिसाला, हौद्यात उभे करून गाडी खड्ड्याखड्ड्यांतून सावकाश चालवतात, आणि तो एकेका फळीवर पाय दाबून, एकेक साखळी हातात धरून, कोणती धरली असता आवाज थांबतो ते ओरडून सांगतो. दोष सापडला की उपाय ठरलेले आहेत. भोक झिजून लांबट झाले असेल तर नुसता जाड बोल्ट घालणारा कारागीर कच्चा. पक्का कारागीर आतून लोखंडी पट्टी बसवून नवे भोक पाडतो. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये जुन्या टायरची कापलेली पट्टी, बॉनेटच्या काठाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दाराच्या कुलपापाशी चामडे. केबिनचा सपाट पत्रा डबडब वाजत असेल तर त्यावर गॅसने लहानसा ठिपका लाल करायचा, मागे लोखंडी ठोकळा धरून चारदोन टोले द्यायचे आणि लगेच ओले फडके दाबायचे. पत्रा त्या जागी आकसतो आणि ताण धरतो. एक ठिपका जास्त झाला तर सबंध पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून हे काम नवशिक्याकडे देत नाहीत.

सरकारी बाजूस याच प्रश्नाचे निराळे उत्तर निघाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा त्या गाड्यांचे इमले लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, आल्बियन अशा दहा जातींच्या चॅसिस एकाच वेळी सांभाळाव्या लागत. पण एस.टी. महामंडळाजवळ दापोडीसारखी स्वतःची कार्यशाळा होती, ठरीव मोजमाप होते आणि तपासणीचे वेळापत्रक होते. त्यामुळे पुढे लाकूड टाकून धातूची बांधणी करणे त्याला साधले. एकदोन गाड्यांच्या मालकाला असे काही नव्हते. त्याची तपासणी आर.टी.ओ.च्या पासिंगपुरती, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी बोल्ट आवळून रंग फासण्याची वहिवाट, सर्वांना ठाऊक असूनही, कोणी मोडली नाही.

अलीकडे हा सारा पसारा बदलत आहे. लाकूड महागले, पोलादी हौदे आले, वेल्डिंगने बोल्टांची जागा घेतली; केबिन कारखान्यातूनच तयार येते, आणि २०२५ सालापासून बनणाऱ्या अवजड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी असा केंद्र सरकारचा हुकूम आहे. उघड्या सांगाड्यावर खोक्यावर बसून येणाऱ्या चालकाच्या दृष्टीने हा न्याय फार उशिरा झाला. परंतु वेल्डिंगचा हौदा वाजत नाही म्हणून तो निर्दोष ठरतो असे नाही. बोल्टाचा सांधा सैल होऊन आधी सूचना देतो. वेल्डिंगचा सांधा बराच काळ गप्प राहून एखाद्या घाटात तडकतो, आणि तो जोडण्यास पान्याऐवजी वीज आणि वेल्डर लागतो. म्हणूनच पोलादी हौद्याखालीही कित्येक मिस्त्री अजून लाकडाची किंवा रबराची पट्टी घालतात. फाळक्याच्या बाबतीत तर काहीच बदललेले नाही: जो भाग दिवसातून दहा वेळा उघडायचा त्याच्या बिजागरीत फट ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ती फट टायरच्या तुकड्याने बुजवण्याचे काम नव्या गाडीच्या पहिल्या महिन्यात किन्नराला आजही करावे लागते.